आबांचा बाहेरचा पत्ता

माझे वडील, आबा, गेले तेव्हा त्यांच्या गप्पांची चाळीसेक रेकॉर्डिंगं माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर होती. ती कुणा परक्या कंपनीच्या हवाली करायची नाहीत, हा माझा हट्ट. म्हणून शहाद्याच्या घरात तो कॉम्प्युटर कायम चालू ठेवला, त्याला इंटरनेटवर स्वतःचं नाव, म्हणजे डोमेन, घेतलं आणि सुरतेला बहिणीकडे राहणाऱ्या मायला ते नाव फोनवर उघडून दिलं.

“भाऊ, मन्हा फोनमाच टाकी दे ना,” बहीण म्हणाली होती. फोन हरवतात, नाव कायम राहतं, असं मी तिला ऐकवलं. काय तो तोरा!

आमच्याकडे वीज जाऊन आली की इंटरनेटचा पत्ता बदलतो. नवा पत्ता नावापुढे नोंदवला नाही, तर बाहेरचा माणूस जुन्याच दारावर थाप मारत बसतो. ती नोंद बदलायला मी एक छोटा प्रोग्राम लावला होता.

मायला विसरायला होत होतं. संध्याकाळी आबांचा आवाज लागला की ते पुरुषोत्तमनगरच्या कारखान्यातून घरी आले असं तिला वाटे, आणि ती जेवायला बसे.

एका संध्याकाळी नाव उघडेना. बहिणीचा फोन आला. मी घरात लावून पाहिलं, आबा मजेत बोलत होते. “तुझ्याच नेटची कटकट असेल,” मी तिलाच झापलं. पुढे ती रोज फोन करी, मी रोज घरात लावून बघे आणि तेच सांगे. माय दारात बसून राहते, धड जेवत नाही, असं ती म्हणे. मागून मायचा आवाज येई, “तुन्हा बाप अजून नही उना का?”

अकराव्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घरात मी आतल्या, फक्त घरापुरत्या पत्त्यानेच उघडत होतो, तिथे नावाची गरजच नव्हती. प्रोग्रामचा पासवर्ड बाद झाला होता आणि नोंद जुनीच राहिली होती. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. पाच मिनिटांचं काम होतं.

बहिणीने आवाज लावून मायच्या कानाशी धरला. दुसऱ्या फोनवर मी ऐकत होतो.

“हाऊ कोन बोली ऱ्हायना?” मायने विचारलं.

“माय, आबा शेतस ना.”

“बंद कर ते,” माय म्हणाली. “मी तुन्हा बापनी वाट देखी ऱ्हायनू.”