साहेबांनी ठेवून घेतलेला कांदा

गाडीच्या डिकीत कांद्याची सुकी सालं दिसली, की त्या वासासरशी मला ती शेतकी कचेरी आठवते आणि डोकं फिरतं. आमचं चाकणजवळचं गाव तेव्हा नुकतंच पालिकेत गेलं होतं. कांदा साठवायला चाळ बांधायची म्हणून अनुदानाची चौकशी करायला मी आईबरोबर गेलो होतो. रिकाम्या हाती कसं जायचं, म्हणून तिनं वावरातले निवडक कांदे पिशवीत घेतले होते. पंख्याखालच्या साहेबानं मान वर केली नाही. "तुमच्या गावात आता शेती नाही, योजना कसली मागता? प्लॉट पाडा आणि विका." आई म्हणाली, "शेती न्हाई, तर ह्यो कांदा कुठला, साहेब?" तो हसला आणि पायानंच पिशवी टेबलाखाली ओढत म्हणाला, "राहू द्या, चांगला दिसतोय." आई उठली. तोच साहेब आता निवृत्त होऊन आमच्या बांधाला लागून उठलेल्या टॉवरमध्ये राहतो. परवा कुंपणापाशी येऊन गोड आवाजात विचारत होता, "घरचा कांदा मिळेल का हो?" मी गुडघाभर पातीत उभा राहून म्हणालो, "न्हाई साहेब. आमच्या गावात शेती न्हाई."