समुद्राचा मासा आणि माठातलं पाणी

रत्नागिरीच्या एसटी स्टँडवरून मी निघाले, तेव्हा माझ्या पर्समध्ये नागपूरच्या कॉलेजातल्या नेमणुकीचं पत्र होतं आणि हातात झाकणाची प्लास्टिकची बादली. बादलीत समुद्राचं पाणी, आणि त्यात काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा बोटभर मासा. बाबा मत्स्यालयात काम करायचे. खडकांतल्या डबक्यातून त्यांनीच तो धरून दिला होता. टपावर समुद्राच्या पाण्याचे चार डबे चढले. नागपुरात पाणी मिळत नाही का, असं कंडक्टरने विचारलंच. आई रडत होती. बाबा सूचना देत होते, "पोचल्यावर त्याला अंधार दे आणि एकटं सोड. सारखी बघत बसू नकोस."

सई, अर्णव, तुमचा मासा नव्या टाकीत दगडामागे बसलाय, खात नाही, असं तुम्ही लिहिलंत आणि मला हे सगळं आठवलं. तुम्हीही नुकतंच घर बदललंत, म्हणून सविस्तर लिहिते.

सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. मुंबईहून पुढे आगगाडीत मी दर अर्ध्या तासाने पेलाभर पाणी काढून उंचावरून पुन्हा बादलीत ओतायची, म्हणजे त्यात हवा मिसळते. भुसावळ येईपर्यंत अख्खा डबा पाळीपाळीने ते काम करत होता. मी इतकी खुशीत होते की झोपच आली नाही. स्वतःची नोकरी, स्वतःची खोली, आणि समुद्र नसलेल्या गावात समुद्राचा मासा!

नागपूरच्या सदर भागात माडीवरची खोली मिळाली. खाली घरमालकीण पंचफुलाबाई राहायच्या. काचेची टाकी भरली, मासा सोडला, वर चादर टाकली. बाबांचं म्हणणं मी जेमतेम एक संध्याकाळ पाळलं. दुसऱ्या दिवशी सगळी आळी बघायला आली आणि प्रत्येकासाठी मी दिमाखात चादर उचलली. माशाचा पिवळा रंग उतरला. तो कोपऱ्यात जाऊन बसला.

"नव्या नवरीवानी बसला हा," पंचफुलाबाई म्हणाल्या. "सारं गाव तोंड पाहून राहिलं, तो काय खाईन?"

मग मी पाहुणे बंद केले, दिवा बंद केला. तरी चार दिवस तो काही खाईना. मनाशी मी ठरवून टाकलं होतं, हा जगला तर राहायचं, नाहीतर राजीनामा देऊन परत जायचं. हे कुणालाही सांगितलं नव्हतं.

त्यातच जूनची नागपुरी गरमी आणि खोलीत घरघरणारा कूलर. टाकीतलं पाणी रोज बोटभर खाली जायचं आणि मी रोज रत्नागिरीच्या डब्यातून ते भरून काढायची. समुद्राच्या माशाला समुद्राचंच पाणी, दुसरं काय? मासा मात्र जास्तच धापा टाकू लागला.

एकदा पंचफुलाबाईंनी मला ओतताना पाहिलं. "खारं पाणी काहून टाकता जी?"

मी समुद्राविषयी एक छोटंसं व्याख्यान दिलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि टाकीच्या काठावरची पांढरी रेघ बोटाने खरवडून माझ्यासमोर धरली.

"मिठाच्या पाण्यात कैऱ्या ठेवतो, तवा पाणीच आटते. मीठ कुठं जात नाही. एमेस्सी केली ना जी तुम्ही?"

मी धावत कॉलेजात गेले आणि हायड्रोमीटर आणून मोजलं. क्षार भलताच वाढला होता. समुद्राकाठी जन्म गेला, पण समुद्र आटताना कुणी पाहिला होता?

एकदम बदल झाला असता तर मासा दगावला असता. म्हणून मी पंचफुलाबाईंच्या माठातलं कालचं, निवलेलं पाणी वाटी-वाटीने घालू लागले. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक. चौथ्या दिवशी कोपरा रिकामा दिसला आणि मी घाईने टाकीवर वाकले. तो टाकीच्या मधोमध होता! कोळंबीचा तुकडा सोडला, तो खाली पोचायच्या आत गट्ट झाला. मी जिन्यावरूनच ओरडले. पंचफुलाबाई कणकेच्या हाताने वर आल्या आणि म्हणाल्या, "आता राहते."

कोण राहते, मासा की मी, ते मी विचारलं नाही.

तर मुलांनो, दिवा बंद ठेवा, काचेवर टकटक करू नका, आणि पाणी आटलं की साधंच पाणी घाला. माझं घर कुठलं असं कुणी विचारलं, तर रत्नागिरी की नागपूर, हे मला अजून पटकन सांगता येत नाही. तो मासा पाच वर्षं जगला. दर सुट्टीत मी त्याच्यासाठी समुद्राचं पाणी आणायची. रोजचं मात्र माठातलं.