साळवी बाईंचा रेस्ट

"माझा हात गेला, नाना," साळवी बाई म्हणाल्या आणि टार्गेटचा कागद माझ्या पुढ्यात टाकला.

त्या कागदावर पंचवीस छोटी वर्तुळं असतात. प्रत्येकात एकच छर्रा मारायचा. बाईंचे छर्रे एरवी मधल्या ठिपक्याला चिकटून असतात. त्या दिवशी निम्मे भलतीकडे होते. कल्याणच्या क्लबशी मॅच जवळ आलेली आणि टीममध्ये बाईंचं नाव होतं. ते काढायला सांगा, असं त्या म्हणत होत्या.

बाई डोंबिवलीच्या, टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेल्या. अर्धांगाचा झटका येऊन गेला, त्यात डावा हात कमजोर राहिला. हलतो, पण थरथरतो. घरच्यांनी त्यांना बागेतल्या बाकावर बसवून बघितलं. त्या आमच्या माजिवड्याच्या रेंजवर येऊन बसल्या.

मी या रेंजवर सामान बघतो. चौथी शिकलो आणि पुढे डोंबिवली एमआयडीसीत फिटर म्हणून जन्म काढला. बायको गेल्यावर घरी समजूत घालायला माणसं यायला लागली. ते मला जमत नाही. रेंजवर कोणी समजूत घालत नाही. स्क्रू ढिला झाला की हाक मारतात.

आधी बेंचरेस्ट म्हणजे काय ते सांगतो. खुर्चीवर बसायचं, रायफल टेबलावर टेकवायची आणि नेम मारायचा. रायफलच्या पुढच्या भागाखाली जे असतं तो फ्रंट रेस्ट. तीन पायांचं जड लोखंडी स्टँड, त्यावर वाळू भरलेली चामड्याची पिशवी. मागे दस्त्याखाली दुसरी पिशवी. लोक म्हणतात, सगळं टेबलच करतंय तर माणसाचं काय काम? त्यांना मी खुर्चीवर बसवतो. पहिला छर्रा बघून गप्प होतात.

रेस्ट आमच्याकडे दोन तऱ्हेचे. जुन्यात दोन स्क्रू, एक फिरवला की रायफल वरखाली होते, दुसरा फिरवला की डावीउजवीकडे. नव्यात स्क्रूच्या जागी जॉयस्टिक. एक लांब दांडी, हलवाल तिकडे नेम सरकतो. काम झटकन होतं. हा नवा आमच्या क्लबातल्या शेठनी परदेशातून आणलेला. शेठ इथल्याच जुन्या गावातले, त्यांच्या बापजाद्यांची मिठागरं होती. मनाने मोठा माणूस. दसऱ्याला रेस्ट क्लबला दिला आणि सांगितलं, मॅचला पहिला मान बाईंचा.

कागद बाईंनी या नव्या रेस्टवरच मारलेला, म्हणून मी आधी तो हलवून पाहिला. दांडी अडकत होती. नेम सरकायच्या जागी उडी मारत होता. वरचं झाकण काढलं तर आत हळद. दसऱ्याला आमच्याकडे सगळ्या हत्यारांची पूजा होते. नवा रेस्ट मध्यभागी मांडलेला आणि नारळ त्याच्या पायाशीच फोडलेला. देवाला काय पोचलं मला माहीत नाही, दांडीखालच्या बॉल जॉइंटला सगळं पोचलेलं. ग्रीसचा केशरी चिखल झालेला, त्यात अक्षता. पेट्रोलने धुतलं, नवीन ग्रीस भरलं. दांडी लोण्यासारखी फिरायला लागली.

सगळे खूश. सेक्रेटरी साहेब म्हणाले, बघा बाई, हात नव्हे, हळद होती. शेठ स्वतःवरच हसले. बाई परत बसल्या, पूर्ण कागद मारला. छर्रे आधीपेक्षा बरे, पण बाईंचे नाहीत.

"आता कुठली पूजा राहिली?" बाईंनीच विचारलं.

साहेबांनी मला बाजूला घेतलं. यंदा दुसऱ्या कोणाला पाठवू, पण बाईंना वाईट वाटेल असं बोलू नका, असं ते मलाच सांगत होते. मी नीट बोलतो असं आजपर्यंत कोणी म्हटलेलं नाही. मी म्हटलं, थांबा जरा.

पुढच्या वेळी टार्गेटकडे बघितलं नाही, बाईंच्या हाताकडे बघत राहिलो. उजवा हात ट्रिगरवर, म्हणजे जॉयस्टिक डाव्यात. आणि जॉयस्टिक छर्रा सुटेपर्यंत धरून ठेवावी लागते. हातात जे आहे ते दांडीतून रायफलला जातं. धडधाकट हात असेल तर तिच्यासारखी चीज नाही. बाईंची थरथर मात्र थेट टार्गेटवर उमटत होती.

स्क्रूचं तसं नसतं. फिरवला, सोडला, जागेवर राहतो. पण जुन्या रेस्टचे स्क्रू पार पुढे. बाईंचा डावा हात तिथवर जात नाही. उजवा न्यायचा तर अख्खं अंग हलतं, बैठक मोडते. सरावाला बाई दर छर्र्याला नव्याने बसून तसंच मारायच्या, मॅचला तेवढा वेळ मिळत नाही. मी म्हटलं, तुम्ही सांगा, स्क्रू मी फिरवतो.

बाई भडकल्या. "टाइम सुरू झाला की टेबलाला दुसऱ्याचा हात लागायचा नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत. आणि घरी तेच चाललंय, नाना. सून पाणी ओतते, मुलगा चपलेचा पट्टा लावतो. इथे तरी नको."

मी जुना रेस्ट रिक्षात घातला आणि एमआयडीसीत मित्राच्या वर्कशॉपला नेला. दोन जुने हातड्रिल मोडून दातेरी चाकं काढली. त्या चाकांनी स्क्रूची तोंडं मागे बसणाऱ्याकडे वळली, त्यांना सळया जोडल्या. आता दोन्ही सळया बाईंच्या उजव्या हातापाशी येत होत्या. राहिली टोकाची मूठ. मूठ जाड पाहिजे, बोटांना जोर न देता फिरली पाहिजे. बाजारात बघितल्या, पसंत पडल्या नाहीत.

सकाळी चहा ठेवायला गेलो तर समोरच होत्या. आमची तीन बर्नरची शेगडी. मुलीने आईला हौसेने घेऊन दिलेली. तिन्हीवर एकदम काहीतरी असायचं. आता चहा, भात, आमटी, जे काय असेल ते एकावरच होतं. दोन बटणं उपटली, खिशात टाकली. सळईचं टोक एका बाजूने घासून चपटं केलं, बटण घट्ट बसलं.

बाई बघून म्हणाल्या, "हे काय, स्वयंपाक करायचाय?" मग बटणाकडे नीट बघितलं. "घरची आहेत?"

"हो."

"मग घरी काय?"

"एक ठेवलंय."

यावर त्या काही म्हणाल्या नाहीत. मला बरं वाटलं. बटण डावीउजवीकडे फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, दिशा बदलली की हे थोडं रिकामं फिरतं. खरं होतं. दातेरी चाकात तेवढी ढिलाई राहतेच, ती मला काढता आली नसती. छर्रे छान बसले, पण वेळ पुरेना. शेवटची रांग तशीच राहिली.

त्यावर इलाज बाईंनीच काढला. सगळे डावीकडून उजवीकडे मारतात, मग पुढच्या रांगेसाठी परत डावीकडे येतात. बाई रांग संपली की परत येत नाहीत. तिथूनच खाली उतरतात आणि उलट्या निघतात, नांगर वळवल्यासारख्या. परत यायचं फिरवणं वाचलं. दिशा रांगेच्या टोकाला एकदाच बदलते, ढिलाईही तिथेच संपते. शेवटची रांगही पुरी व्हायला लागली.

साहेबांनी दोन्ही रेस्ट टेबलावर मांडले. शेठही उभे होते. मॅचला कुठला न्यायचा, ते बाईंनी सांगायचं होतं.

"शेठ, तुमचा रेस्ट एक नंबर आहे," बाई म्हणाल्या. "पण माझ्या हाताला तो नाही. मी हा घेणार."

शेठ हसले. "मंग बाय, त्यावर मीच मारतो. नारळ मीच फोडलेला."

कल्याणला मॅच झाली. तिथल्या जजने रेस्टला वाकून सगळीकडून बघितलं. बटणावर 'सिम' छापलेलं तसंच होतं. मंद आचेवर मारणार का, असं त्याने बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, घाई नाही मला. मोटर नाही, स्प्रिंग नाही, त्याने पास केला. मी मागे उभा होतो, हात खिशात घालून. बाईंचा शेवटचा छर्रा सुटला आणि लगेच वेळ संपल्याची शिट्टी झाली. पंचवीसच्या पंचवीस पुरे.

शेठ दुसरे आले, जॉयस्टिकवर. बाई चौथ्या. बक्षीस तिघांनाच होतं. बाईंनी तो कागद घडी न घालता घरी नेला आणि पुढच्या मॅचला नाव स्वतःच देऊन आल्या.

तेव्हापासून कोणी रेस्ट कुठला घेऊ विचारलं की मी आधी त्याचे हात बघतो. लोक रायफल घेऊन दुकानात जातात, रेस्टच्या पिशवीत बसते का बघतात. ते बरोबरच आहे. पण रायफल उद्या बदलता येते.

मुलगी परवा आलेली. शेगडी बघून म्हणाली, पप्पा, बटणं कुठे गेली, नवीन आणते. मी म्हटलं, नको. मॅचला गेलीत, लागतात तिथे.