बाटल्याला शेंदूर

गुंडप्पा देगलूरहून उमरीच्या जिनिंग फॅक्टरीत आला तेव्हा त्याच्या तोंडात निम्मी मराठी, पाव कानडी, पाव तेलुगू आणि जागा उरलीच तर पान असायचं. हैदराबादच्या पोलीस ॲक्शनच्या पाच-सहा वर्षं आधीची गोष्ट. काम वेल्डिंगचं, पण नोकरी कच्ची. फोरमन शेषेरावांनी बजावलं होतं, "दसऱ्यानंतरचं पहिलं काम बघतो. जमलं तर कायम, न्हाई तर देगलूरची वाट मोकळी." या 'कायम'पायी तो इतका जपून वागायचा की बायको महादेवी गल्लीभर सांगायची, "आमच्या घरात माझ्यापरीस त्या बाटल्यांची काळजी जास्त."

बाटले म्हणजे गॅसचे लोखंडी सिलिंडर. हैदराबादहून आगगाडीनं यायचे. खोलीत तीन होते. दोन उंच, काळे, ऑक्सिजनचे. एक बुटका, लाल, ॲसिटिलीनचा. गुंडप्पा त्यांना भिंतीशी साखळीनं बांधायचा, उन्हात येऊ द्यायचा नाही, वापरात नसलेल्याला लोखंडी टोपी घालायचा. काळ्याला शिवायच्या आधी तर साबणानं दोनदा हात धुवायचा. गडी चिडवायचे, "गुंडप्पा, सोवळ्यात हायस का?"

"तेल आन् ही हवा," तो म्हणायचा, "दोघांची गाठ पडली की काडी लागत न्हाई. आपोआप भडकतंय."

हे त्यानं सगळ्या फॅक्टरीला सांगितलं. सांगायची राहिली ती एकटी महादेवी.

खंडेनवमीला यंत्रं बंद, हत्यारांची पूजा, आणि गड्यांच्या बायका नटूनथटून फॅक्टरीत. गुंडप्पा बाहेर नारळ फोडण्यात गुंतला होता. महादेवीनं त्याच्या खोलीतल्या पान्या-हातोड्यांना हळदीकुंकू वाहिलं आणि तिची नजर कोपऱ्यात गेली. नवरा ज्यांच्यापुढं रोज हात धुऊन उभा राहतो, ते तिघं कोरडेच! बाईला भरून आलं. तिनं वाटीभर तेलात शेंदूर कालवला आणि मारुतीला चढवतात तसा चढवला, अगदी मनापासून. बुटक्या लालाच्या डोक्यावर पोतं बांधलेलं होतं, म्हणून तेवढं वाचलं.

दसरा झाल्यावर दुसऱ्या दिवशी कापसाच्या गाठी दाबणाऱ्या प्रेसच्या मोठ्या चाकाचा तुटका दात जोडायचा होता. कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर उभ्या. गुंडप्पानं खोलीचं दार उघडलं आणि तो दारातच थिजला. आत तीन शेंदरी देव! कोण काळा, कोण लाल, रंगावरून काही पत्ता लागेना. त्याचं तसं अडत नव्हतं. उंची होती, मानेवर ठोकलेली अक्षरं होती, लालाचे आटे तर उलटेच फिरायचे. पण वापरातल्या काळ्याच्या तोंडात, नेमकं आट्यांत, तेल ओघळून बसलं होतं.

"उघड की," शेषेराव मागून म्हणाले.

"न्हाई साहेब. तेल हाय."

"मग पूस."

"आत गेलेलं कसं पुसू? ज्यांनी धाडला त्यांच्याकडं परत जाऊ द्या, ते खोलून साफ करतील. टोपीवाला दुसरा हाय. पण त्याचाबी शेंदूर आधी धुवायला पाहिजे."

हे ऐकून गडी बिथरले. यंत्रांना तेल घालणारा रामकिशन पुढं सरसावला. "चढवलेला शेंदूर उतरवणार? आन् मोसमाच्या तोंडाशी? अपशकुन करून राहिलास का?"

"कुणी लावला हा?" शेषेराव गरजले.

शेंदरात उठलेली बोटं गुंडप्पानं केव्हाच ओळखली होती. वाकडी करंगळी गावात एकच होती. "माझ्या खोलीत लागलाय," तो म्हणाला. "चूक माझीच."

"मग उघड, न्हाई तर गाठोडं बांध."

"बांधतो." गुंडप्पा बाटल्यापुढून हलला नाही. "हा मी उघडत न्हाई. दुसऱ्या कुणाला उघडूबी देत न्हाई."

बातमीला पाय फुटले. नवऱ्याचा डबा घेऊन आलेली महादेवीच तिला फाटकाशी सापडली. ती गड्यांना बाजूला सारत आत आली.

"साहेब, शेंदूर मी लावला. त्यांना कशाला झापता?" मग ती रामकिशनकडं वळली. "भावजी, देव मी बसवला ना? मग उठवायचाबी मीच. नवरात्राचा घट तुमच्या घरी परवा कुणी उठवला, पोलिसांनी?"

रामकिशन वाटेतून बाजूला झाला. महादेवीनं अक्षता वाहिल्या, हात जोडले, "देवा, आता गावाला जावा," म्हणाली आणि पदर खोचला. टोपीवाला काळा आणि बुटका लाल, दोन्ही साबण-पाण्यानं घासले. गुंडप्पानं स्वच्छ फडक्यानं कोरडे केले, हात धुतले. गड्यांनी मोजलं, चारदा. मग टोपी काढली. आत तेलाचा थेंब नव्हता. गॅस गळतोय का म्हणून सगळ्या जोडांवर साबणाचा फेस लावून बघितला, बुडबुडा कुठंच नाही. तेव्हा कुठं ज्योत पेटली.

दुपारपर्यंत दात बसला आणि चाक फिरलं. शेंदरी बाटला 'तेल लागलंय, उघडू नका' अशी मराठी-उर्दू चिठ्ठी बांधून स्टेशनात गेला. हमालांनी त्याला आधी नमस्कार केला, मग उचलला.

शेषेराव जाता जाता, तोंड दुसरीकडं करून म्हणाले, "गुंडप्पा, कायम. पुढच्या वर्षी पूजा उंबऱ्यावर. नुसतं फूल."

दोघं घरी निघाले. मग महादेवी हळूच म्हणाली, "अवो, आता इथंच ऱ्हायचं म्हणल्यावर माहेरची म्हैस आणावी का?"

"आण," गुंडप्पा म्हणाला.

म्हैस आठवड्यात आली आणि महादेवी गल्लीत दूध घालू लागली. त्या दुधात पाणी किती, यावर गल्लीत अजून दोन मतं आहेत.