माहेरच्या चढणीची गाडी

जगात टाकून देण्याजोगे काहीच नाही, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. परंतु त्या श्रद्धेपायी स्वतःचे अंगण, गोठा, विहिरीचा काठ आणि अखेर सुनेच्या तुळशीवृंदावनाची एक बाजूसुद्धा जुन्या लोखंडाने भरून टाकणारा पुरुष मी माझ्या पंचाहत्तर वर्षांच्या आयुष्यात एकच पाहिला, आणि ईश्वरी योजनेने तो माझाच व्याही झाला. ती सून म्हणजे माझी मुलगी. मी शहापुरास संस्कृत शिकवण्यात हयात घालवली. व्याहीबुवा मुरबाडच्या अंगाला, सरळगावच्या पुढे, काळू नदीकाठच्या एका गावात राहतात. भातशेती वडिलार्जित आहे. पण त्यांचे चित्त शेतात कधी रमले नाही. ते रमले चारही चाकांना जोर असणाऱ्या जुन्या, दांडग्या गाड्यांत. धरणाच्या कामावर, जंगलात, नाहीतर लष्करात जन्मभर राबून ज्या गाड्या अखेर लिलावात उभ्या राहतात आणि भंगारवाल्यावाचून ज्यांच्याकडे कोणी पाहत नाही, त्या व्याहीबुवा घरी आणतात, वर्षानुवर्षे उघडून बसतात आणि उभ्या करतात. गावातली पोरे या गाड्यांना 'फोर बाय फोर' म्हणतात. व्याहीबुवा नुसते 'मोठी माणसं' म्हणतात.

त्यांच्या कानांची कीर्ती मला लग्नाच्या दिवशीच कळली. कार्यालय महामार्गालगत होते. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकांचे तिसरे कडवे चाललेले, आणि वराचे पिताश्री मुठीत अक्षता घेऊन एकाएकी मान वाकडी करून उभे राहिले. पुढच्या क्षणी ते मांडवाबाहेर! फेटा सावरीत, सोवळ्याचा सोगा हातात धरून ते नाशिककडे निघालेल्या एका मालट्रकामागे धावत होते. "आरं थांब! मागचं डावं चाक रडतंय तुजं, बेअरिंग गेलंय!" ट्रकवाल्याने ते ऐकले नाही. व्याहीबुवा परत आले, उरलेल्या अक्षता त्यांनी शांतपणे टाकल्या आणि माझ्या कानाशी म्हणाले, "आटगावापतुर जाईल. पुढं नाय जायाचा." सायंकाळी वऱ्हाडातली नाशिककडची मंडळी त्याच रस्त्याने परतली, तेव्हा आटगावाच्या अलीकडे तो ट्रक तीन चाकांवर लवलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला. शब्द ऐकून त्यातला दोष ओळखायला मला गुरुगृही बारा वर्षे लागली होती. हे गृहस्थ तर तोंडही नसलेल्या वस्तूचे दुखणे चालता चालता ओळखत होते. त्या दिवसापासून मी त्यांच्यापुढे जरा जपून बोलतो.

त्यांच्या अंगणात पाऊल टाकणाऱ्याला आधी प्रत्येक गाडीचे गोत्र ऐकावे लागते. "ह्यो गिअरबॉक्स धरनावर व्हता, बावीस वर्सं. स्टेअरिंग हाय ना, ते जंगलातल्या सायबाच्या गाडीचं, लई सज्जन गाडी. खालचे स्प्रिंगचे पाटे मात्र एका दारू वाहनाऱ्याचे. म्हनून कधी कधी कुरकुरतात." नवा सुटा भाग ते विकत घेत नाहीत. ज्याने कधी ओझे पाहिले नाही, तो चढावर आपल्याला काय साथ देणार, हा त्यांचा सिद्धांत. मेलेल्या गाडीचा पहिला नट सोडण्याआधी ते चपला काढून ठेवतात, बोनेटवर तांब्याभर पाणी ओततात आणि थोडा वेळ नुसते उभे राहतात. एकदा बोनेटखाली चिमणीने घरटे केलेले निघाले. व्याहीबुवांनी ते जसेच्या तसे झाकले आणि पिले उडून जाईपर्यंत त्या गाडीला हात लावला नाही. मध्यंतरी गिऱ्हाईक येऊन बसले, तर त्याला म्हणाले, "भाडेकरू हाय आत. खाली करून देतो, घाई नको." अशा माणसाला विक्षिप्त म्हणणारे लोक आमच्या दोन्ही तालुक्यांत खूप आहेत. मी व्याहीबुवांना कधी तसे म्हणू शकलो नाही.

याचा अर्थ त्यांच्या घरच्यांना सुख होते असे नव्हे. व्याहीबुवांच्या अंगाला, कपड्यांना, ताटातल्या भाकरीलाही डिझेलचा वास असे. "ह्यांना अभ्यंगाला तेल लावाया नको, गुरुजी," विहीणबाई मला सांगत, "बारा म्हयने दिवाळीच हाय." विहीणबाई बोलण्यात धारदार, पण पाच वर्षांपासून त्यांचे दोन्ही गुडघे गेले होते, आणि त्यांचे एकच दुःख होते. त्यांचे माहेर वर, सह्याद्रीच्या कड्याखालच्या एका वाडीत. खालच्या गावापर्यंत डांबर, पुढे नुसते कातळ आणि धोंडे. वर त्यांचा थोरला भाऊ पडवीत खाटेवर पडून होता. झाडावरून पडल्यापासून कंबर उठली नव्हती. भावाला खाली आणता येईना, बहिणीला वर जाता येईना. भाचा टेकाडावर चढून रेंज पकडी, तेव्हा फोनवर चार शब्द होत. डोलीत बसवून नेतो म्हणणाऱ्या भावकीला विहीणबाईंनी एका वाक्यात वाटेला लावले होते: "मेल्यावर चौघं उचलतीलच, जित्तेपनी कशाला सवय लावता?"

व्याहीबुवांनी यावर कधी सांत्वनाचा शब्द काढला नाही. त्यांनी लष्करी लिलावातून एक अजस्र गाडी ओढून आणली. तिची उंची अशी, की माझ्यासारख्याने दारापाशी उभे राहून आत फक्त छताचेच दर्शन घ्यावे. चार वर्षे ते तिच्याशी झुंजले. पुढच्या चाकांचा जोर मेला होता, तो जिवंत केला; सांगाडा चाकांपासून उंच उचलून घेतला, कातळाला पोट घासू नये म्हणून. आणि विहीणबाई चढणार कशा, यावर त्यांनी जो तोडगा काढला, तो पाहून मी हात जोडले. आसनगावच्या एका बंद पडलेल्या केशकर्तनालयातली खुर्ची त्यांनी आणली, पायाने दाबली की वर उठणारी. ती डाव्या दाराशी एका वळत्या लोखंडी हातावर बसवली. खुर्ची दाराबाहेर फिरे, खाली येई, माणूस बसला की व्याहीबुवा पायाने दाबून तिला उचलीत आणि आत ढकलीत. पहिल्या चाचणीला विहीणबाई तिच्यावर बसल्या, आरशाच्या जागी पाहिले आणि म्हणाल्या, "मायेरी नेताय का दाढी कराया?"

आता एकच वस्तू उरली होती. पुढच्या चाकांना जोर पोचवणारा जो दांडा, त्यावरचे चक्र सरकू नये म्हणून मध्ये अर्ध्या चंद्राच्या आकाराचा एक लहान पोलादी तुकडा बसतो. त्याला 'चावी' म्हणतात. या गाडीचे माप बाजारात मिळणाऱ्या कुठल्याच मापाशी जुळत नव्हते. कुर्ल्याच्या भंगारबाजारात फिरून फिरून अखेर व्याहीबुवांना तशीच चावी एका गाडीत मिळाली. शेवटचा भाग बसवण्याआधी त्याची पूजा करायची, हा त्यांचा नियम. अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त मी काढला आणि पूजेलाही मीच बसलो. ताम्हनात पाच सुपाऱ्या, दूर्वा, जास्वंदी, आणि मधोमध ती चावी. मी तिला यथासांग हळदकुंकू वाहिले, फुलांनी झाकले, आरती झाली.

निर्माल्याच्या बाबतीत मी फार कडक आहे. ते दुसऱ्याच्या हाती देत नाही, उकिरड्यावर तर नाहीच नाही. ताम्हन घेऊन मी स्वतः काळूच्या डोहावर गेलो, मंत्र म्हटला आणि सारे भक्तिभावाने सोडून दिले. परत आलो तर व्याहीबुवा गाडीखाली आडवे झाले होते आणि एक काळा हात बाहेर पसरला होता.

"द्या गुरुजी."

"काय?"

"चावी."

मी रिकाम्या ताम्हनाकडे पाहिले. विहीणबाई ओट्यावरून सारे पाहत होत्या. त्यांनी पदर तोंडाशी नेला. आषाढ लागला की ती वाट बंद. म्हणजे पुन्हा एक वर्ष. भाऊ तेवढे थांबेल, असे कोणालाच वाटत नव्हते.

व्याहीबुवा गाडीखालून बाहेर आले. मला वाटले, आता हा मनुष्य मला जे बोलेल ते मला भोगलेच पाहिजे. ते म्हणाले, "नदीला बी गाडी बांधायची आसंल. चला, इचारू तिला." जुन्या कर्ण्याचे मोठे लोहचुंबक दोरीला बांधून त्यांनी डोह दोन दिवस चाळला. खिळे निघाले, घोड्याचा नाल निघाला, एक विळा निघाला, त्याचा मालक शेजारचाच निघाला आणि त्याच्या भावावरचा चोरीचा आळ तेथेच उतरला. गाव हसून गेले. चावी निघाली नाही.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेच्या आधी ते ओल्या दगडावर माझ्याजवळ बसले. मी म्हणालो, "व्याहीबुवा, ती नवी घडवता येणार नाही का? तुम्ही काय वाटेल ते घडवता."

त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला. बोटे थरथरत होती, वाऱ्याने पान हलावे तशी. "जड काम जमतंय," ते हळू म्हणाले, "बारीक नाय होत. दोन वर्सं झाली. तिला सांगू नका. म्हनून तर शोधत फिरलो." मग माझ्या हातांकडे बराच वेळ पाहून म्हणाले, "तुमचा हात सुतासारका सरळ हाय. आयुष्यभर पोथ्या लिवल्या तुमी. कानस धरता का, गुरुजी?"

त्यानंतरचे अकरा दिवस मी त्यांच्या अंगणात विद्यार्थी होतो. नव्या भागाचा त्यांचा नियम त्यांनीच असा सोडवला की, पोलाद जुनेच घ्यायचे, आकार तेवढा नवा. दारू वाहणाऱ्याच्या पाट्यातला तुकडा त्यांनी भट्टीत लाल करून राखेत पुरला, मऊ केला आणि माझ्यापुढे ठेवला. "जोर नाय लावायचा. पुढं जाताना कापते ती, मागं येताना उचलायची." मी नामाच्या तालावर कानस चालवू लागलो, तर तीन दिवसांनी म्हणाले, "देवाचं नाव घ्या, पन मापाकडं बघा. रामकृष्ण म्हनता म्हनता केसभर जास्त खाल्लंय." बैठक जुळते की नाही हे पाहायला खाचेत शेंदूर लावायचा, चावी दाबायची, जेथे शेंदूर लागेल तेवढेच घासायचे. शेंदूर मी जन्मभर देवाला लावला; एखाद्या वस्तूतला खोटेपणा तो असा बोटावर आणून दाखवतो, हे मला पंचाहत्तराव्या वर्षी कळले. विहीणबाई चहा आणून देत आणि म्हणत, "एकानं बुडवली, दुसरा बसून शिकवतोय. कामाला मी जुंपते का दोघांना?" त्यांना हाताचे ठाऊक होते की नाही, मला आजवर कळलेले नाही. मात्र कप त्या व्याहीबुवांना नेहमी अर्धाच भरून देत.

अकराव्या दिवशी शेंदूर सगळीकडे सारखा उमटला. व्याहीबुवांनी तुकडा पुन्हा तापवून तेलात विझवला, लोहारांच्या भाषेत त्याला कडकपणाचे पाणी दिले, आणि लाकडी हातोड्याच्या एका ठोक्यात चावी खाचेत बसली.

ज्येष्ठातल्या एका सकाळी आम्ही निघालो. डांबर संपले तेथे व्याहीबुवांनी गिअरशेजारचा दुसरा दांडा पुढे ओढला. "आता पुढची चाकं बोलतील," एवढेच म्हणाले. कातळाची पहिली पायरी आली, गाडीचे तोंड आकाशाकडे झाले, आणि माझ्या मनात एकच विचार उरला: विहीणबाई, त्यांचे पाच वर्षे तुटलेले माहेर आणि हा डोंगराएवढा लोखंडी देह, सारे माझ्या हातच्या नखाएवढ्या तुकड्यावर टांगले आहे. मी डोळे मिटले. व्याहीबुवांच्या हातांकडे मात्र मिटण्याआधी पाहिले होते. स्टेअरिंगवर ते दगडासारखे स्थिर होते.

पडवीला खेटून गाडी थांबली. न्हाव्याची खुर्ची बाहेर वळली, थेट पडवीत उतरली, आणि विहीणबाई भावाच्या खाटेशेजारी, पायाला माती न लावता, जाऊन बसल्या. भावाने मान वळवून डोळे बारीक केले. "गो बाय, सिंहासन घेऊन आलीस?"

"तुज्यासारकं खाटंवरनं राज्य नाय करता येत मला," विहीणबाई म्हणाल्या. भाऊ तिच्या गुडघ्यावर हात फिरवीत राहिला.

मी बाहेर आलो. व्याहीबुवा गाडीच्या सावलीत बसले होते. हात मांडीवर उघडे ठेवून, थरथरू देत.

वाट बंद होईपर्यंत विहीणबाई आणखी तीनदा वर गेल्या. श्रावणात भाऊ गेला. पावसाळा सरल्यावर व्याहीबुवांनी मला निरोप धाडला. चक्र उघडून ठेवले होते. चावी एका बाजूने दबली होती. "पानी कमी पडलं," ते म्हणाले. "चूक माजी. तुमची कानस बरोबर व्हती." डोहातल्या माझ्या चुकीविषयी त्यांनी तेव्हा काही म्हटले नव्हते, आताही म्हटले नाही.

"दुसरी करू या," मी म्हणालो.

त्यांनी ओट्याकडे पाहिले. विहीणबाई तांदूळ निवडत होत्या. "आता वर कोन हाय, गुरुजी?"

विहीणबाईंनी सूप खाली ठेवले नाही, मानही वर केली नाही. "वर माजं घर हाय. भावजय हाय. भावानं लावलेला फनस हाय. करा गपगुमान."

व्याहीबुवांनी चिमट्यात पोलादाचा तुकडा उचलला आणि माझ्यापुढे धरला. तो हवेत हलत होता. मी तो व्हाइसच्या लोखंडी जबड्यात घेतला, घट्ट आवळला, आणि कानस हाती घेतली. ते माझ्या शेजारी पाटावर बसले, इतके जवळ, की त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता.