बगळ्याला मारलेला चुना

नामा पेंटरचे किस्से आमच्या सारसोळ्यात एवढे साचलेत, की माणूस जाऊन सहा वर्षं झाली तरी संपत नाहीत. निम्मे मीच वाढवलेत, ते सोडा. मी चौथी नापास, धंदा घरांना चुना मारायचा. माणसांनाही लावतो, पण फुकट.

*

जमिनी घ्यायला सरकार आलं, तेव्हा नामाने जाळ्यांच्या शेडमध्ये आतल्या भिंतीवर भलामोठा बगळा काढला. डोक्यावर टोपी, चोचीत अख्खं गाव. पोलीस आले.

"हा बगळा कोण?" साहेबांनी विचारलं.

"बगळाच हाय साहेब. तुमाला कोन वाटला? नाव सांगा, खाली लिवतो."

शिंदे हवालदार पेन धरून उभे. मंत्र्याचं नाव कागदावर कोण घालणार? शेवटी पंचनाम्यात लिहिलं, 'एक अनोळखी पक्षी'.

*

तरी नामाला आत टाकलंच. घरातली सगळी चित्रं उचलून नेली, ती कधी परत आली नाहीत. वर त्याच्याकडूनच फुकटात पोलीस ठाण्याचा बोर्ड रंगवून घेतला. अक्षर असं देखणं, की सगळे खूश. महिन्याभराने वरचे साहेब तपासणीला आले. बोर्डाकडे बघत म्हणाले, "ते 'ठाणे'च्या मात्रेवर काय बसलंय?"

त्या दिवसांत घाबरायला पुष्कळ होतं. नामामुळे आम्ही हसत हसत घाबरलो. एवढे उपकार कुणी कुणावर करत नाही.

*

बगळा पुसायचं काम मला मिळालं. सरकारी काम, नाही कसं म्हणणार? चुन्यात डिंक घातला तर तो धरतो. नाही घातला तर नुसता हात फिरवला की निघतो. मी डिंक विसरलो. तीनदा विसरलो. बायका जाळी विणायला भिंतीला टेकून बसायच्या. उठल्या की पाठी पांढऱ्या आणि बगळा हजर.

नामाची बायको म्हणाली, "भावजी, बगळा वाचवलात, आता आमची लुगडी धुवाया या."

*

चौथ्या खेपेला साहेबांनी स्वतः डिंकाची मोठी पुडी आणली आणि शिंद्यांच्या हातात दिली. "तुम्हीच कालवा, तुम्हीच मारा. याला बाहेर बसवा." 'याला' म्हणजे मला. संध्याकाळी भिंत पांढरीफेक. शेडला कुलूप लागलं, ते लागलंच.

*

येत्या सोमवारी ती शेड पाडणार आहेत. नामाची वनिता खारघरच्या शाळेत ड्रॉइंग शिकवते. सुटल्यावर नामाने पोटापुरते नुसते बोर्डच रंगवले, त्यामुळे बापाच्या हातचं एक चित्र तिच्याकडे नाही.

"काका, भिंत पडायच्या आत बगळा निघेल का हो? एक फोटो तरी काढीन."

मी जन्मात पहिल्यांदा मस्करी न करता बोललो. "पोरी, त्यात डिंक हाय."

ऐकते कुठली. मला धरून नावड्याला गेली, शिंद्यांच्या घरी. शिंदे आता ऐंशीचे. त्यांच्या मुलीने चहा आणला. वनिताने कप खाली ठेवला आणि सरळ विचारलं, "काका, साहेबांनी दिलेला डिंक चुन्यात किती घातलात?"

शिंदे चक्क लाजले. चहा देणाऱ्या मुलीकडे बघितलं.

"ही तेव्हा पाच दिवसांची होती," ते म्हणाले. "घरात बाळंतीण. लाडू केले."