आईची पेटी पडद्यामागे

मंडळी, आज कॉम्प्युटरवर नव्या वाद्यवृंदाची मांडणी करत होते. व्हायोलिनचे ट्रॅक एका फोल्डरमध्ये, बासऱ्यांचे दुसऱ्यात.

आईनं विचारलं, "काय करून राहिली वं?"

"वाजवणाऱ्यांना जागा देऊन राहिली."

ऐंशीच्या दशकात बाबा सौसरच्या शाळेत मास्तर होते, गॅदरिंगचा वाद्यवृंद बसवायचे. आई पेटी वाजवायची.

"तू कुठं बसायची?"

"पडद्यामागं. मास्तरची बायको स्टेजवर दिसली तर लोक नावं ठेवत. टाळ्या मात्र ऐकू यायच्या."

पडद्यामागचं हे मला माहीतच नव्हतं! तिची जुनी पेटी काढली, समोर माईक लावला. आई दोनदा अडखळली, तिसऱ्यांदा तिनं गाणं पूर्ण वाजवलं. तो ट्रॅक मी सगळ्यात वर ठेवला.

तुमच्या आईला काय काय येतं, कधी विचारलंय?